पायातली बाई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून होतो, त्यांनी हातात हात धरला होता — तेव्हाही तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर माझ्या पुस्तकांवरून, म्हणजे चुकीचं ओळखता.

आमच्या गावातल्या जुन्या दवाखान्यासमोरून जाताना मी रस्ता ओलांडतो आणि पलीकडच्या कडेने चालतो. भरदुपारीसुद्धा. मी — ज्याने भुताखेतांविरुद्ध गावोगाव भाषणं केली. त्या दवाखान्याच्या पायात एक गरोदर बाई जिवंत गाडलेली आहे असं सगळा गाव मानतो. ती तिथे नाही, हे नक्की माहीत असलेला माणूस जगात एकच आहे. मग त्यालाच तिची सगळ्यात जास्त भीती का वाटावी?

थांबा. असं मधूनच सांगून चालणार नाही.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याच्या जरा अलीकडे. घरची भातशेती, पण वडील अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला आणि युनियनमध्ये. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. फडताळात अंथरलेली पत्रकं, शाळेच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं. मी वाचायला शिकलो तो ‘कामगार बंधूंनो’ या शब्दांवरून. वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक — खात्री नसेल ते छापायचं नाही. दुसरी — पत्रकात कोरी जागा सोडायची नाही. कोरी जागा दिसली की लोकांना वाटतं, यांचं सांगून संपलं.

यातली दुसरी मी पाळली.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली ते वर्ष. मी विशीत होतो. ध्वजवंदन दवाखान्यासमोर व्हायचं होतं, म्हणून पोरं ओट्याला चुना लावत होती. दवाखाना इंग्रजांच्या काळातला. काळा दगड, वर कौलं, आत एक बाळंतपणाची खोली. डॉक्टर कधीमधी यायचे, पण नर्सबाई मागच्या खोलीत कायम राहायच्या. गावातली निम्मी पोरं त्या खोलीत जन्मलेली. मीही.

शेजारचा धोंडूआजा ओट्यावर विडी ओढत बसला होता. भिंतीवर थाप मारून म्हणाला, “ही बग. इंग्रजानं बांदली म्हनून उभी हाय. तुमच्या सरकारनं बांदलेली शालाची भिंत — म्हशीनं पाठ घासली, तं पडली!”

सगळे हसले. मला झोंबलं. पन्नास वर्षांनंतरही आमची माणसं गोऱ्या साहेबाच्या दगडाचं कौतुक करतात? मी ठरवलं, पत्रक काढायचं. इंग्रज सरकारने आपल्यावर काय खर्च केला आणि कुणासाठी केला — सगळं मांडायचं. शहापूरला गेलो, ठाण्याला गेलो, वाचनालयांत जुने अहवाल धुंडाळले. आणि खरं सांगतो, जे सापडलं ते पुरेसं होतं. खर्च झालाच नव्हता असं नाही. रेल्वे शहापूरच्या अंगावरून कसाऱ्याच्या घाटात नेली होती, ती बंदराकडे माल जावा म्हणून. शहापूरच्या रानातलं पाणी नळांतून मुंबईला गेलं. जंगलखातं बसलं, कचेऱ्या झाल्या, तुरुंग झाले. मुरबाडला रेल्वे आली नाही, आजही नाही. आणि आमचा दवाखाना? तो शेतसाऱ्यावर जादा पट्टी बसवून, त्या पट्टीतून उभा राहिलेला. म्हणजे साहेबाची देणगी नव्हेच — धोंडूआजाच्या आजाच्या भातातून बांधलेला तो दवाखाना होता. त्यानेच पैसे भरले आणि त्याचाच नातू साहेबाचे आभार मानत होता.

हे खरं होतं. एवढंच छापायचं होतं. एवढंच!

मुरबाडच्या छापखान्यात गुलाबी कागदावर पत्रक जुळत होतं. खिळे लावणारा जुळारी म्हणाला, “लेखक, खाली चार ओळींची जागा ऱ्हायली. वेलबुट्टी टाकू का?”

मी म्हणालो, थांब. आणि काउंटरवर उभ्या उभ्याच चार ओळी लिहून दिल्या. दवाखान्याचा पाया खचत होता, म्हणून ठेकेदाराने वेठीला धरून आणलेल्या एका गरोदर बाईला जिवंत पायात घातलं. तिच्यावर हा दवाखाना उभा आहे. हाच तो इंग्रजांचा सार्वजनिक खर्च.

कुठून आलं हे? कुठल्या अहवालातून नाही. आमच्याकडे पूल बांधायला घेतला की आया पोरांना दटावतात — तिकडं जाऊ नको, खांबात घालतील. मीही लहानपणी त्या भीतीने लांबच्या वाटेने शाळेत गेलेलो. म्हणजे ही भीती कशी असते ते मला माहीत होतं. ती कुठे लागते ते माहीत होतं. पट्टीच्या हिशेबाने कुणी रडणार नाही, बाईने रडतील — हे मला समजत होतं. अंधश्रद्धेवर तुटून पडणारा मी, आणि गरज पडली तेव्हा तिच्याच कोठारातून मूठभर उचललं. जुळाऱ्याने वाचून माझ्याकडे पाहिलं. “खरं हाय?” म्हणाला. मी मान हलवली. इतकं सोपं असतं ते.

ध्वजवंदनानंतर मीच पत्रक वाचून दाखवलं. रेल्वेपाशी लोक चुळबुळत होते, पट्टीपाशी जांभया देत होते. शेवटच्या चार ओळींना कुणी जागचं हललं नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. धोंडूआजाने विडी विझवली आणि भिंतीला टेकलेली पाठ सोडवली. मला काय वाटलं सांगू? — अभिमान वाटला.

संध्याकाळी मित्र आमच्या ओटीवर जमले होते. सुनंदावहिनी चहा घेऊन आली. दादाची बायको, शेणवे गावची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही आमच्याकडेच व्हायचं होतं. पण तिला दिवस गेलेत हे तेव्हा आम्हा पुरुषांना ठाऊक नव्हतं. कप ठेवता ठेवता तिने विचारलं, “भावजी, ती पायातली बाय — खरी गोष्ट हाय का वो?”

मित्र बघत होते. मी म्हणालो, “छापलंय ते खोटं असेल का, वहिनी?” ते हसले.

ती हसली नाही. “मंग तिचं पोर बी आतच ऱ्हायलं असंल,” एवढं म्हणाली आणि आत गेली.

त्या क्षणी उठून मागे गेलो असतो, चुलीपाशी हळूच सांगितलं असतं — वहिनी, ते मी रचलंय, कुणाला बोलू नको — तर? तिने कुणाला सांगितलंही नसतं. ती तशीच होती. पण चहा गरम होता आणि मित्र माझं कौतुक करत होते.

पुढचं फार लवकर झालं. दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या दगडाला कुणीतरी शेंदूर लावला. मग हिरव्या बांगड्या आल्या, अमावास्येला दहीभात येऊ लागला. आणि बाळंतपणाच्या खोलीत बायका येईनाशा झाल्या. नर्सबाईंनी मला बाजारात गाठलं. “काय लेखकसाहेब, माझी खोली ओस पाडलीत! तुम्हीच लिहिलंत, आता तुम्हीच सांगा त्यांना.” मी म्हणालो, बघतो. त्यानंतर त्या दिसल्या की मी गल्ली बदलायचो. तोवर कल्याणच्या एका पेपरात माझं पत्रक छापून आलं होतं. सभांना बोलावणी येत होती. आता कसं सांगणार की शेवटच्या चार ओळी खोट्या आहेत? मग वरच्या खऱ्या ओळींवर कोण विश्वास ठेवील? — असं मी मनाला समजावत होतो. चळवळीसाठी गप्प आहे म्हणे. खरं म्हणजे घाबरलो होतो. लोक हसतील म्हणून. बस.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वहिनीच्या पोटात दुखू लागलं. दादा कामावर कल्याणला, वडील कारखान्यात. घरात आई, मी, आणि दाराशी जमलेली अर्धी आळी. दवाखाना आमच्या दारातून दिसतो. नर्सबाई तिथे होत्या. मी म्हणालो, “आई, दवाखान्यात नेऊ.”

आई माझ्यावर ओरडली. “तिथं नाय! तिथं ती बसलेय. पोटुशी बाय पोटुशीला सोडल काय रे? तुलाच ठावं, आन् तूच सांगतंस?”

वहिनी खाटेवर होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले. ती आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. “भावजी,” म्हणाली, “सांगा ना.”

काय सांगू म्हणत होती ती? आईला समजावा, एवढंच? की तिला कळलं होतं — त्या चहाच्या वेळेपासूनच कळलं होतं — आणि ती मला एक शेवटची संधी देत होती? मला माहीत नाही. मी तोंड उघडलं. शब्द तयार होते. दारात धोंडूआजा उभा होता, माझे दोन मित्र होते, शेजारणी होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, “जीप आणतो.”

पळत गेलो, मुरबाडला न्यायला नाक्यावरून जीप आणली. ती वळवायला जागा एकच, दवाखान्यासमोर. नर्सबाई ओट्यावर धावत आल्या. “अरे, इकडे आणा! इकडे आणा तिला!” आईने वहिनीच्या डोक्यावरून पदर ओढला, तिला तिकडे बघू दिलं नाही. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मी समोर बघत राहिलो.

मुलगी जीपमध्येच झाली, सरळगावच्या अलीकडे. रडली, चांगली रडली. पण वहिनीचं रक्त थांबेना. आईने लुगडी लावली, हातांनी दाबून धरलं. मी मागे वळून पाहिलं नाही. फक्त पायाखालचा पत्रा ओला झालेला कळत होता. मुरबाड आलं तेव्हा ती नव्हती.

नर्सबाईंनी तिला वाचवलं असतं का? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं आडोशासारखा वापरला. कोण सांगणार, म्हणायचो. तिथेही गेली असती कदाचित. असेल. पण तिला तिथे जाता आलं नाही, हे तर कदाचित नाही ना?

गावाने स्वतःचा अर्थ लावला. जीप दवाखान्यासमोर वळवली, तिथंच पायातल्या बाईनं धरलं. म्हणजे माझ्या चार ओळींना पुरावा मिळाला — सुनंदावहिनी. तेराव्याला मित्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तू लिहिलं होतंस रे आधीच.” मी त्याचा हात झटकला नाही.

त्यानंतर मी दोन पुस्तकं लिहिली. इंग्रजांच्या साऱ्यावर, पट्ट्यांवर, रेल्वेवर. दोन्हींत प्रत्येक वाक्याला आधार दिला. त्या बाईचा उल्लेख कुठेही केला नाही. वाचक विचारतात, तुमच्याच गावातली ती घटना कशी राहिली? मी म्हणतो, पुढच्या आवृत्तीत बघू. नर्सबाई बदलून गेल्या, बाळंतपणाची खाट तालुक्याला गेली. आता लस द्यायला माणसं येतात ती ओट्यावर बसतात. आत कुणी पाऊल ठेवत नाही. एक शतक टिकलेल्या त्या दगडी घराला इंग्रजांनी ओस पाडलं नाही, नव्या सरकारनेही नाही.

वहिनीच्या मुलीचं नाव मनीषा. दादाने दुसरं लग्न केलं नाही. ती माझ्याच अंगाखांद्यावर वाढली, मला काका म्हणते, माझी भाषणं आरशासमोर उभी राहून म्हणून दाखवते. तिचे डोळे वहिनीचे आहेत. मला तिची भीती वाटते. तिने ‘काका’ म्हटलं की पुढे काय येईल याची मी वाट बघतो, आणि ती म्हणते, पेन दे ना.

परवा तिला शाळेतून आणत होतो. दवाखाना जवळ आला तसा मी नेहमीसारखा रस्ता ओलांडला. तिने माझा हात घट्ट धरला. कोपऱ्यातल्या शेंदराच्या दगडावर ताजी फुलं होती. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, “काका, तिनंच नेलं ना रं माझे आईला?”

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मित्र नव्हते, शेजारणी नव्हत्या, धोंडूआजाही नव्हता. तो कधीच वारला. हसायलासुद्धा कुणी नव्हतं.

मी म्हणालो, “हो.”

तिने मान हलवली आणि माझा हात आणखी घट्ट धरला.