डागी टोपली

भाजीवाल्या मावशींना अख्खी गल्ली ओळखायची. तीस वर्षं एकाच कोपऱ्यावर गाडी. उजवीकडे भाज्या, डावीकडे फळं आणि पायाशी डागी टोपली. दबलेला टोमॅटो, मार लागलेलं सफरचंद, मोडलेलं गाजर, सगळं तिच्यात जायचं. निवडून गिऱ्हाइकाला, उरलेलं घरच्याला, हा मावशींचा कायदा. त्यातही आजारी माणसासाठी कुणी काही मागितलं, की ढिगातलं सगळ्यात देखणं फळ निघायचं. घरी मात्र त्या सुरीने खराब भाग काढायच्या, चांगली फोड नातीला द्यायच्या आणि आपण चहात पाव बुडवून मोकळ्या. आता तीस वर्षं भाजीत वावरलेल्या बाईच्या ताटात भाजी नसावी, याला काय म्हणावं?

मागच्या आठवड्यात वजन करता करता मावशींना भोवळ आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि बजावलं, की गोळ्या देते, पण रोज भाजी आणि फळं पोटात गेली पाहिजेत, नाहीतर गाडीवर उभं राहणं विसरा. मावशींनी मान डोलावली. घरी येऊन पुन्हा चहा-पाव. सुनेने समजावलं, ती चिडली, तिने अबोलासुद्धा धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी! मावशींचं आपलं एकच, की पिकतं तिथे विकत नाही, तसं विकतं तिथे कुणी खात नाही.

पण गाडी सुटली तर ही बाई खचेल, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं. आणि सासूवर तिचा जीव होता. मग एका सकाळी ती पिशवी घेऊन गिऱ्हाइकांत उभी राहिली. मावशी खाली वाकून जुड्या बांधत होत्या.

"एक सफरचंद द्या. आजारी माणसासाठी हवंय."

मावशींचा हात सवयीने ढिगावर फिरला. सगळ्यात लालबुंद फळ देताना त्यांनी वर पाहिलं, तर समोर सून.

"कुणासाठी गं?"

"आमच्या सासूबाईंसाठी. फार हट्टी आहेत."

गिऱ्हाइकं हसली. मावशी हात मागे घेणार होत्या, पण एकदा दिलेला माल त्यांनी कधी परत घेतला नव्हता. सुनेने ते फळ घेतलं आणि त्यांच्याच हातात ठेवलं.

मावशींनी सुरी उचलली. सफरचंद इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

"यातलं काढू काय?"

"काही नाही, आई. सगळं तुमचं."

मावशींनी सुरी खाली ठेवली आणि स्टुलावर बसून सफरचंद खाऊ लागल्या. त्यांचं खाऊन होईपर्यंत कुणीही वजन करा म्हणालं नाही.