माझा कोड चोरला, पण पुरावा तिच्या नावाचा

मंडळी, आज डोकं लई तापलंय.

कॉलेज सोडल्यापासून मी एका ओपन सोर्स इंटरप्रिटरवर काम करतोय. लिहिलेला प्रोग्रॅम वाचून चालवणारं सॉफ्टवेअर ते. कुणीही दुरुस्ती पाठवावी. मोठी यादी दिली की ते बंद पडायचं. महिनाभर खपून मी ते सुधारलं. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं "गरज नाही" म्हणून परत पाठवलं.

आज नवी आवृत्ती आली. माझीच दुरुस्ती, त्याच्या नावावर!

चाचणीसाठी नमुना म्हणून मी त्या यादीत एका मुलीचं आडनावासकट नाव घातलं होतं, तेसुद्धा बहाद्दरानं तसंच उचललंय. नाव इथं सांगत नाही. जीव आहे तिच्यावर.

तिलाच फोन लावला. "आत्ता सगळ्यांसमोर उघडा पाडतो त्याला!"

"आणि पुरावा म्हणून माझं नाव दाखवणार व्हय? माझा दादा ह्याच कामात हाय की, त्यानं वाचलं तर आपलं कळंल घरात. तू भांडून मोकळा होशील, मला घरात राहायचं हाय."

तीनदा कमेंट लिहिली, तीनदा पुसली.

तिच्यासाठी गप बसतो. पण पावणं, हा राग ठेवायचा कुठं, तेवढं सांगा.