टेस्टर पेटतो, फ्रिज चालत नाही

हा उद्योग कायले केला असं मले ज्यानं त्यानं विचारलं. माझं उत्तर एकच: सॉकेट जळालं होतं अन् माझे हात शाबूत होते. मिक्सरची पिन लावली का चर्र आवाज यायचा. मोहाडीच्या बाजारातून नवीन सॉकेट आणलं. दुकानदार म्हणे, "मिस्त्री कोण आहे, काकू?" मी म्हटलं, "तुमच्यासमोर उभी आहे." तो हसला. हसू दे.

एक गोष्ट आधी सांगून देते, नाहीतं पुढचा तमाशा समजणार नाही. घरात मी एकटी राहते. आमचे हे गेले त्याले दोन वर्षं झाली. तेरवीच्या दिवशी पोरानं सगळ्या सोयऱ्यांसमोर माझ्याकडून वचन घेतलं: "घरात काही भानगड झाली अन् तुझ्यानं निपटली नाही, तं तू जवाहरनगरले माझ्या क्वार्टरात येजो." रडून रडून डोकं जाग्यावर नव्हतं, मी हाव म्हणून बसली. क्वार्टर चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण माझा माग? खड्ड्याचा माग आहे तो, जमिनीत रोवलेला, बॅगेत भरून नेता येत नाही. अन् सरकारी क्वार्टरात मले खड्डा कोण खोदू देईन? चाळीस वर्षं त्या खड्ड्यात पाय सोडून विणत आली मी. तो बुजवला म्हणजे मलेच बुजवलं.

तं त्या दिवशी मेन बंद केलं अन् सॉकेट खोललं. ह्या घराची वायरिंग ह्यांनी स्वतः केली होती, तीही एकाच लाल बंडलातून. त्याच्यानं कोणती तार कायची, रंगावरून काही पत्ता लागत नाही. एका स्क्रूखाली दोन तारा पिळून घातल्या होत्या, टोकं काळी पडली होती. आता विणणाऱ्या हाताले एक खोड असते. सुताचं टोक खराब दिसलं का तो विचारत बसत नाही, कापतो अन् चांगलं टोक घेतो. मी तेच केलं. कचकन पीळ कापला, जी तार हाताशी राहिली ती सोलून नव्या सॉकेटच्या स्क्रूखाली कसली. दुसरी सॉकेटमागच्या पेटीत सरकली, ते मी पाहिलंच नाही. मेन चालू केलं, मिक्सर फिरला. अशी खूश झाली का जवसाची चटणी वाटून टाकली.

चटणी डब्यात भरता भरता ध्यानात आलं, फ्रिज गप्प आहे. समोरच्या खोलीतलं सॉकेट बंद. अन् सुताच्या कांड्या भरायचं माझं मोटरचं मशीन, तेही बंद. कांडी नाही तं मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात काय घालू, कपाळ? बल्ब अन् पंखे मात्र मजेत चालू. टेस्टर घेतला. फ्रिजच्या सॉकेटात घातला, पेटला. मशीनच्या सॉकेटात घातला, तिथंही पेटला. करंट आहे अन् चालत काहीच नाही! शेजारीण म्हणे, "भूत लागलं असन वं." तिनंच लगोलग माझ्या पोराले फोन लावून दिला.

"आई, हात लावू नको. रविवारी येतो मी. बॅग भरून ठेव."

"कायले?"

"तेरवीले काय बोलली होती, आठव."

"निपटली नाही तं, असं ठरलं होतं," मी म्हटलं. "रविवार अजून दूर आहे."

फोन ठेवला अन् भ्याली मी, खोटं काय सांगू. भीती करंटची नव्हती.

मागावर जाऊन बसली. माझं डोकं तिथंच चालते. कापडात फट दिसते, पण सूत तिथं तुटलेलं नसते. ते मागं कुठंतरी तुटलेलं असते, बोटानं चाचपत चाचपत मागं जावं लागते. मग मी बंद सॉकेटात टेस्टर कायले खुपसून राहिली? तिथं तं मी हातही लावला नव्हता. हात लावला तो स्वयंपाकघरात. अन् वायरिंग करताना हे काय बोलले होते तेही आठवलं: करंट एका तारेनं जाते अन् दुसरीनं परत येते, टेस्टर फक्त जाणारीचा पत्ता देतो. म्हणजे जाणारी धड होती. परत येणारी मीच कापली होती.

मेन बंद. टेस्टर लावून खात्री केली, मग सॉकेट खोललं. पेटीत बोट घातलं तं कोपऱ्यात लपलेलं टोक लागलं. चिमट्यानं ओढलं. आखूड झालं होतं, पण पुरलं. दोन्ही तारा सोलल्या, ताण्याचं सूत सांधते तसा पीळ दिला अन् एकाच स्क्रूखाली घट्ट कसल्या. मेन चालू केलं. फ्रिज घुरघुरला. मी त्याले एक चांगली शिवी घातली.

रविवारी पोरगा आला, हातात मोठी रिकामी बॅग. चहाही न घेता एकेका सॉकेटात मोबाइलचा चार्जर लावत फिरला.

"कोणाले बोलावलं होतं?"

"कोणालेच नाही."

"आई, खरं सांग."

अशी चीड आली मले! मेन बंद केलं, त्याच्या डोळ्यांसमोर सॉकेट खोललं अन् तो पीळ त्याच्या नाकासमोर धरला. "पाह. कापली मी, जोडलीही मीच." तो वाकून पाहत राहिला. लहानपणी सुताले हाच पीळ द्यायले मी त्याले शिकवलं होतं.

"पण तुले काही झालं असतं तं?" तो म्हणाला. आवाज रडका झाला होता. माझंही मन भरून आलं, पण मी मागं हटली नाही.

"होईन ते होईन गा. तुझ्या क्वार्टरात मी खिडकीत बसून बसून मरीन. भानगड झाली, माझ्यानं निपटली. आता बॅगेची गोष्ट काढू नको."

जाताना त्या बॅगेत मी चटणीचा डबा ठेवला. बाकी बॅग रिकामीच गेली. पोराची गाडी वळायच्या आत मी मागावर बसली, खड्ड्यात पाय सोडले अन् धोटा फेकला. एरवी मी मागाची फणी एवढ्या जोरानं ठोकत नाही. त्या दिवशी ठोकलं, गल्लीच्या टोकापर्यंत त्याले ऐकू जावं म्हणून.