जीप एकाला, विंच दुसऱ्याला

माझ्या नवऱ्याचा देवावर विश्वास आहे, पण विंचवर जरा जास्तच आहे. लग्न होऊन पालमजवळच्या या गावात आले तेव्हा जीपच्या तोंडाशी लावलेलं ते यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं. एक जाडजूड लोखंडी डबा, त्यात फिरणारा रूळ, रुळावर गुंडाळलेला तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला हूक. गाडी चिखलात फसली की हूक समोरच्या झाडाला अडकवायचा, आतला दांडा ओढायचा, की इंजिनाच्या जोरावर रूळ फिरायला लागतो आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढत बाहेर येते. माझ्या सासऱ्यांनी ही जीप कधीकाळी लष्करी गाड्यांच्या लिलावातून विंचसकट उचलली होती.

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात पाय आत जाईल एवढी भेगाळते आणि ओली झाली की पायातली चप्पल ठेवून घेते. शेजारच्या गावात मी शाळेत शिकवते. पावसाळ्यात तिथला रस्ता म्हणजे रस्त्याची नुसती आठवण असायची, आणि नवरा मला या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत विंच लावत शाळेत सोडायचा. पोरं वर्गात एकमेकांना सांगायची, बाई दोराला बांधून येतात. मला राग येत नसे, कारण ते खरंच होतं.

मग वाटणी झाली. माझा नवरा आणि माझा धाकटा दीर, दोघांत बांधावरून बिनसलं. आमच्याकडे शेताच्या हद्दीला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून जी भांडणं होतात ती हातभर जागेसाठी असली तरी हातभर राहत नाहीत. शेत झालं, बैल झाले, भांडी झाली. शेवटी जीप उरली. ती थोरल्याला द्यायची ठरलं, तर दीर म्हणाले, "जीप त्याला, तर विंच मला." खरं म्हणजे इंजिनाशिवाय त्या विंचचा उपयोग दार उघडं राहू नये म्हणून टेकवायला, एवढाच. आणि नवऱ्याने तेव्हा हसून सोडून द्यायला हवं होतं. पण तो म्हणाला, "घेऊन जा म्हणावं." पंचांसमोर चार बोल्ट काढले गेले. एकाकडे विंच नसलेली जीप आली, दुसऱ्याकडे जीप नसलेला विंच. एवढी न्याय्य आणि एवढी बिनकामाची वाटणी मी पुन्हा पाहिली नाही. त्या दिवसापासून तीन वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

या तीन वर्षांत माझ्या नवऱ्याने तीन विंच आणले. पहिला मोबाईलवर मागवला. बॅटरीवर चालणारा, लालचुटूक रंगाचा, एवढा हलका की मीच तो एका हाताने घरात आणला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पहिल्याच पावसात त्याच्या मोटरीत पाणी गेलं. परभणीच्या दुकानात दाखवायला नेला तर दुकानदार गंभीरपणे म्हणाला, "साहेब, ह्याला पाण्यापासून जपावं लागतंय." नवरा म्हणाला, "मग बैठकीत ठेवू का?" दुसरा त्याच दुकानातून आणला. त्याचा दोर नायलॉनचा होता, बाभळीवर घासून दोन हिसक्यांत तुटला, आणि आत उघडून पाहिलं तर दातेरी चाकं मऊ खोबऱ्यासारखी झिजलेली. तिसऱ्याला रिमोट होता. जीपमध्ये बसून बटण दाबायचं. तो अजून चालू होता, म्हणजे आणल्यापासून पाऊस पडला नव्हता.

प्रत्येक वेळी नवरा अंगणात ते यंत्र उघडून बसायचा आणि मला व्याख्यान ऐकावं लागायचं. जुन्या विंचमध्ये शाफ्टला एक पिन असायची, मुद्दाम कच्च्या लोखंडाची. ओढ फार झाली की आधी ती पिन तुटायची, आणि दोर, गिअर, गाडी सगळं वाचायचं. पिन बदलली की पुन्हा सुरू. नव्यांत कच्चं असं मुद्दाम काही ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे तुटायचं ते सगळंच तुटायचं. हे तो मोठ्या तळमळीने सांगायचा. मी भाजी निवडत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, अहो, घरातसुद्धा एखादी कच्ची पिन ठेवली असती तर बरं झालं असतं. पण मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.

आता आक्कांबद्दल. आक्का म्हणजे माझी नणंद, या दोघांची थोरली बहीण. त्या पाथरीला असतात आणि दर वर्षी येळवशीला माहेरी येतात. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात माणूस उरत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप उभारायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असं जेवण येईल त्याला वाढायचं. वाटणीनंतर आमच्या दोन खोपी झाल्या. आक्कांना कुणाचंच मन मोडवेना, म्हणून त्या दोन्हीकडे पोटभर जेवायच्या. गेल्या वर्षी त्यांचं पोट असं बिघडलं की दोन दिवस सलाइन लागलं.

यंदा त्या आदल्या दिवशी आल्या त्या ठरवूनच. ओसरीवर बसून त्यांनी दोन्ही भावांना बोलावलं आणि सांगितलं, "वाटण्या तुमच्या झाल्या. माजं पोट काय दोन भागात वाटून दिलंय का? उद्या एकच खोप. दोघं एका पंगतीला बसणार नसाल तर मी जेवणार न्हाई, आन् पुढल्या साली येणार बी न्हाई."

दोघांनी मान हलवली. पण एकमेकांकडे कुणी पाहिलं नाही. मला रात्री झोप लागली नाही, कारण आक्का बोललेलं करणाऱ्या बाई आहेत. त्या यायच्या थांबल्या असत्या तर या दोघांना एका ओसरीवर बोलावणारं दुसरं कुणी शिल्लक नव्हतं.

खोप दिरांच्या शेतात ठरली. सकाळीच दीर आणि माझी जाऊ पुढे गेले. दहाच्या सुमारास आम्ही जीप भरली. मागे पातेली आणि मी, पुढे आक्का, त्यांच्या मांडीवर आंबिलीची घागर. शेताच्या अलीकडे उतार आहे, तिथे पोचलो तर सगळी गाडीवाट पाण्याने भरलेली. पहाटे लाइट आली, दिरांची मोटर सुरू झाली आणि पाइपाचा जोड निसटून पाणी गव्हाऐवजी वाटेवर आलं होतं. जीप त्यात गेली, हळूच बसली आणि उठायचं नाव घेईना.

नवऱ्याचा चेहरा उतरला आणि मग चढला. "मुद्दाम सोडलंय पाणी," तो म्हणाला.

"कोण आपल्याच वाटंवर पाणी सोडतंय?" आक्का म्हणाल्या. "तुजं ते रिमोटचं मशीन चालव."

नवरा चिखलातून उतरला, हूक बाभळीला लावला आणि रिमोटचं बटण दाबलं. विंच घरघरला. जीप हातभर पुढे सरकली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग जळक्या रबराचा वास आला, बारीक धूर निघाला आणि यंत्र गप्प झालं. नवऱ्याने बटण पुन्हा दाबलं, रिमोट झटकला, तळहातावर आपटला. आक्का शांतपणे म्हणाल्या, "आता त्याला पाण्यापासून जप."

गावात ट्रॅक्टर होते, पण येळवशीला सगळे ट्रॅक्टर माणसं भरून शेतोशेत गेलेले. एवढ्यात समोरून दीर आले. चिखलाच्या पलीकडच्या काठावर उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि मला म्हणाले, "वैनी, त्यांना सांगा, जोड आपोआप निसटला. मी मुद्दाम केलं न्हाई."

नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला सांग, मी काही म्हणालो नाही."

मधे दहा पावलांचं अंतर होतं. दोघांना एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. तरी मी वर्गात उभी असल्यासारखी गंभीर राहून दोघांचे निरोप पोचवले, कारण हसले असते तर सगळंच बिघडलं असतं. मग दीर चिखलाकडे बघत म्हणाले, "वैनी, जुना विंच आखाड्यावर हाय."

आखाडा म्हणजे शेतातली राहुटी, तिथून जवळच. पण ते धूड एकट्याने उचलण्यातलं नव्हतं. बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर आणायचं, एवढाच मार्ग होता, आणि पुरुष माणसं तिथे दोनच होती. नवरा काही क्षण आक्कांकडे बघत राहिला. आक्का घागर धरून समोर बघत बसल्या. शेवटी तो पँट वर दुमडून निघाला.

ते दोघं परत येताना मी जे पाहिलं ते जन्मभर विसरणार नाही. पुढे धाकटा, मागे थोरला, मधे बांबूला लटकलेला विंच. तीन वर्षं दिरांनी त्याला पोत्यात गुंडाळून ठेवला होता आणि ग्रीस लावलं होतं, ते उन्हात चकाकत होतं. उतार आला तेव्हा पुढच्याचा पाय घसरला. सगळं ओझं पुढे लोटलं, आणि मागून माझा नवरा ओरडला, "हळू रे, पाय मोडशील!"

निरोप नव्हता. मी मधे नव्हते. दीर वळले नाहीत, पण म्हणाले, "तू नीट धर की, दादा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी पातेल्यांवरची फडकी सारखी करत बसले.

त्यानंतर दोघांचे हात चालू लागले. जळालेला विंच काढला, जुना बसवला, चार बोल्ट आवळले. पाना मागायला, बोल्ट धरायला बोलावंच लागतं. एक "दे", एक "थांब", एक "तिकडून बघ". तासभर गेला. नवऱ्याने हात पुसत मला पुन्हा एकदा सांगितलं की जुनं ते जुनंच असतं, आता बघ. तो आत बसला, दांडा ओढला. दोर ताठ झाला, बाभूळ करकरली, जीप थरथरली, आणि टक्‌ असा आवाज होऊन रूळ मोकळा फिरू लागला.

पिन तुटली होती.

"दुसरी घाल," दीर म्हणाले. "जास्तीच्या पिना जीपच्या कप्प्यात हायेत ना?"

नवरा पाना पुसू लागला. वाटणीनंतर त्याने त्या पिना भंगारवाल्याला दिल्या होत्या, हे मला माहीत होतं. आता त्याने ते स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. दीर आ वासून बघत राहिले. "पिना भंगारात? बाबांच्या हातच्या पिना?"

"मग तू विंच कशाला नेलास? काय करणार होतास त्याचं?"

"काई न्हाई. रोज बगत होतो."

हे उत्तर एवढं खरं होतं की त्यावर भांडता येईना. आधी आक्का हसल्या. घागर हिंदकळायला लागली तशी मीही हसले, आणि मग ते दोघं बाभळीला टेकून असे हसले की तिकडून माझी जाऊ काय झालं म्हणून पळत आली. दिरांनी तरी एक खिळा घालून पाहिला. तोही तुटला, आणि पुन्हा सगळे हसलो.

सूर्य कलायला लागला होता. आक्कांनी फर्मान सोडलं, "गाडी राहू द्या. मला उतरवा. पांडव उपाशी बसलेत." मग पातेली डोक्यावर, घागर दिरांच्या खांद्यावर, आणि आक्का माझ्या नवऱ्याच्या पाठीवर, अशी आमची मिरवणूक चिखलातून खोपीपर्यंत गेली. पूजा झाली. दोघं भाऊ एका पंगतीला बसले, मधे आक्का. माझा नवरा आंबील कधी दुसऱ्यांदा घेत नाही. त्या दिवशी दिरांनी विचारलं, "दादा, वाढू का आणखी?" आणि त्याने तीनदा पेला पुढे केला. आक्का एकदाच जेवल्या, पण भरपेट जेवल्या. मी आयुष्यात एवढ्या सुखाने कधी जेवले नाही, आणि मी खाण्याच्या बाबतीत मागे राहणारी बाई नाही.

निघताना दोघं जीपकडे बघत उभे राहिले. "उद्या सकाळी येतोस का?" नवऱ्याने विचारलं. दीर म्हणाले, "येतो की."

दुसऱ्या दिवशी दोघं मोटरसायकलवर पालमला गेले आणि लेथवाल्याकडून पिना करून आणल्या. त्या फारच कच्च्या निघाल्या. तिसऱ्या दिवशीच्या फारच पक्क्या होत्या, त्या घातल्या असत्या तर दोर तुटला असता, असं दोघांचं एकमत झालं. एकमत हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आक्कांनी पाथरीला जाणं लांबवलं. मी शाळेतून येताना रोज बघायचे, जीप तिथेच, आणि तिच्या पुढ्यात दोन डोकी वाकलेली. एवढी वर्षं विंच चालावा म्हणून मी देवाला हात जोडले असतील, पण त्या आठवड्यात वाटत होतं, आणखी थोडे दिवस बंदच राहू दे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वाटेने शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला. त्याने थांबून साखळी खाली टाकली आणि म्हणाला, "सरका बाजूला, दोन मिनिटात काडून देतो."

दोघं भाऊ एकदमच म्हणाले, "नको."