अक्कांचं वेगळं ताट

एक इंग्रजी सिनेमा पाहून मी माझ्या सख्ख्या जावेला खुनी ठरवलं होतं. हसा, हसा — मीही हसते. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही, ते गेले तेही न कळताच.

गेल्या महिन्यात नातीने तोच सिनेमा पाहायला नेलं. कुठल्याशा क्लबात जुने सिनेमे दाखवतात. "आजी, झोपू नकोस हं!" मी कशाला झोपते? नवऱ्याचा काटा काढणारी ती बाई पडद्यावर आली आणि मी खुर्चीत ताठ बसले.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा हाच सिनेमा ह्यांनी मला एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला होता. इंग्रजी मला कळायचं ते येस आणि नो. पण खून कळायला भाषा कशाला लागते? देखणी बायको, घरी येणारा विमा एजंट, दोघांची नजरानजर — आणि नवरा खलास. घरी आले ती डोळे बारीक करूनच. मोठी हुशार ना मी!

आणि घरात काय दिसावं? मागच्या दाराशी दवाखान्यातला कंपाउंडर कुजबुजतोय, आणि अक्कांच्या — माझ्या थोरल्या जावेच्या — मुठीत कागदाची पुडी. जेवणाच्या वेळी ती पुडी दादांच्या आमटीत. दादा म्हणजे अक्कांचे यजमान, माझे थोरले दीर.

त्यात ते ताट. आमच्याकडे नवरा जेवून उठला की बायकोने त्याच्याच ताटात जेवायचं. अक्काही जेवायच्या. पण पुड्या सुरू झाल्या आणि त्या दादांचं ताट उचलून थेट मोरीत ठेवायला लागल्या, स्वतःला वेगळं वाढून घ्यायला लागल्या. का बरं? विष कालवणारी त्या ताटात जेवेल होय? पुढे एकदा दादा अंगणात भडाभडा ओकले. झालं — माझा खटला पक्का!

खरं सांगू? दादांच्या जिवाची काळजी होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं बजावलं. खोटं. अक्का चारचौघांत म्हणायच्या, "ही भाकरी हाय का नकाशा गं?" — मला त्यांची जिरवायची होती. मी दादांना एकटं गाठलं. सगळं सांगितलं. माझं नाव घेऊ नका, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी ताट भिरकावलं. अक्का डगमगल्या नाहीत. "व्हय, घालत हुते. दारू सुटायचं औषध हाय ते, वरनं प्यालं की उलटतंय. कंपाउंडरला इचारा की."

"त्यो बी तुलाच सामील!"

मला मात्र तिथल्या तिथे पटलं. पुड्या सुरू झाल्यापासून दादा शुद्धीत घरी येत होते — मी बघत नव्हते का? ओकले ते एकदा पिऊन आले तेव्हाच. औषध उष्ट्यातून पोटात जाऊ नये म्हणून वेगळं ताट — एवढं साधं! अक्कांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कुणी चुगली केली, त्यानं म्होरं यावं." मी पदराचं टोक पिळत उभी. मी चुकले — दोन शब्द होते. निघाले नाहीत.

अक्कांना होटगीला, माहेरी धाडलं. त्या परत आल्या त्या दादांच्या मयताला. दारूनेच गेले ते. त्या दिवशी अक्का माझ्याच गळ्यात पडून रडल्या, आणि मी — मी त्यांची पाठ थोपटली. तेव्हाही बोलले नाही. आता अक्काही नाहीत.

पण मला ऐकू येतं ते त्यांचं रडणं नाही. अक्कांना धाडलं त्याच संध्याकाळी दादा झोकांड्या खात आले. तोंडाला वास मारत होता. मला पाहून उंबऱ्यातच थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "पोरी, तू हुतीस म्हणून वाचलो बग. आता निवांत जेवता येतंय."