मनकर्णाबाईच्या तीन खोल्या

"कार्ड धाडलं ते मले काऊन नाई सांगितलं?" चंदननं तिसऱ्यांदा विचारलं, आणि त्याच्या आईनं तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं, की खोल्या माझ्या आहेत.

दोघांचेही आवाज दबलेले होते. फाटकाजवळच्या बाकावर रुख्माबाई बसली होती. ती तुमसरहून आली होती, पायाशी तिची कापडी पिशवी होती. आणि मागच्या तिन्ही खोल्यांत पुण्याहून मोटारीनं आलेलं सहा जणांचं कुटुंब आंघोळीच्या पाण्यासाठी हाका मारत होतं. पुणेकरांनी खोल्या घेतल्या होत्या कॉम्प्युटरवरून, रुख्माबाईनं पोस्टकार्डावरून. तारीख एकच होती.

"बुढीले आपल्या आतल्या घरात ठेव ना," चंदन म्हणाला. "एकटीच तर आली."

मनकर्णाबाईनं तेव्हा कुठं फाटकाकडं नीट पाहिलं. भांडणाच्या भरात तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. दरवर्षी सोबत येणारे तिचे यजमान, गुरुजी, कुठंच दिसत नव्हते. रुख्माबाईच्या कपाळावर काही नव्हतं. मनकर्णाबाईचं बोलणं तिथंच थांबलं, आणि आई हरली असं समजून चंदन गरम पाण्याची बादली घेऊन मागं गेला.

मनकर्णाबाई माहेरची देवळीची. सेवाग्रामला दिली ती नानाजींच्या घरी. पाण्याचं तोंड कधी न पाहिलेली कोरडवाहू पाच एकर, आणि नानाजी स्वभावानं इतके गरीब की बाजारात वांगीसुद्धा सांगितल्या भावानं आणत. तिच्या भावानं माहेरच्या वाट्याबद्दल जे हातावर ठेवलं, त्यात एकोणीसशे एक्याण्णव साली तिनं घरामागं तीन खोल्या बांधल्या आणि ग्रामपंचायतीत स्वतःच्या नावावर चढवून घेतल्या. जाऊ म्हणाली, नवऱ्याचा भरोसा नाही वाटते. मनकर्णाबाई म्हणाली, नवऱ्याचा आहे, जावेचा नाही.

दवाखान्यात नोकरीला असलेल्या कुणाला तरी द्याव्यात, एवढाच विचार होता. पण पहिल्याच हिवाळ्यात एक जोडपं पाणी मागायला फाटकात आलं. प्रेमदास गुरुजी आणि त्यांची बायको रुख्माबाई. आश्रम पाहायला आले होते, परतीची बस चुकली होती. एक रात्र म्हणून राहिले ते आठ दिवस राहिले. सकाळी आश्रमात जात, दुपारी गुरुजी मधल्या खोलीत खिडकीशी पुस्तक घेऊन बसत, रुख्माबाई स्वयंपाकघरात येऊन अंबाडीची भाजी निवडत. पुढच्या वर्षी त्यांनी कार्ड पाठवलं. मग त्यांच्या ओळखीचे कुणी भंडाऱ्याचे आले, त्यांच्या ओळखीचे कुणी बैतूलचे. ज्याला यायचं त्यानं जवाबी कार्ड, उत्तराचं अर्धं जोडलेलं, पाठवायचं, अशी रीतच पडली.

मनकर्णाबाईचं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायचा तिला कंटाळा. जवाबाच्या अर्ध्या कार्डावर पाहुण्यानं स्वतःचा पत्ता आधीच लिहिलेला असे. ती कोऱ्या बाजूवर कुंकवाचं ओलं बोट टेकवी आणि पोस्टात टाकायला देई. कुंकू उमटलं की खोली पक्की. जागा नसेल तर कार्ड कोरं परत पाठवायचं, असं ठरलेलं होतं, पण सोळा वर्षांत एकही कार्ड कोरं गेलं नाही. बिसारा म्हणून आगाऊ पैसे कुणी देऊ केले तर तिला राग येई. ती म्हणे, लग्नाची सुपारी आहे का ही?

दोन हजार सहाला जाम गावच्या चौकातली चंदनची चहाची टपरी रस्ता रुंद करताना उठली. नवं लग्न झालेलं, हाताला काम नाही. त्यानं खोल्यांचे फोटो काढले आणि नागपूरच्या एका कंपनीमार्फत वेबसाइटवर टाकले. हे त्यानं आईला न विचारता केलं नाही. विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. दहा महिने खोल्या रिकाम्या पडतात हे तिलाही दिसत होतंच. शनिवार-रविवारी मोटारी येऊ लागल्या. घरात गॅस आला, नानाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पोरगा हुशार आहे असं तीच शेजारणीला सांगे.

कंपनीचे नियम मात्र कंपनीचे. घरचा फोन नंबर पाहुण्याला द्यायचा नाही. थेट आलेल्यानंही वेबसाइटवरूनच खोली घ्यावी. आणि कुणाला परस्पर खोली दिलीच, तर चंदननं वर्ध्याच्या सायबर कॅफेत जाऊन ती तारीख 'भरली' म्हणून आधी लावायची. कंपनीनं पाठवलेला पाहुणा दारातून परत गेला, तर घर यादीतून खाली जाणार. दुसऱ्यांदा गेला, तर बाहेर. दिवाळीत एका पाहुण्याला चंदननं एकदा परत पाठवलं होतं. आता दुसरी वेळ आली असती.

तुमसरचं कार्ड कार्तिकात आलं. 'आम्ही नेहमीसारखे मार्गशीर्षात येतो,' एवढंच त्यात होतं, आणि खाली तारीख. मनकर्णाबाईनं बोट टेकवलं आणि कार्ड वर्षालीकडं, सुनेकडं, पोस्टात टाकायला दिलं. चंदनला सांगितलं नाही. विसरली म्हणावं, तर विसरली नव्हती. आपल्या खोलीत आपण कुणाला बोलावलं हे पोराला सांगायचं म्हणजे त्याला विचारल्यासारखं होतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. वर्षालीनंही सांगितलं नाही. सासूच्या कारभारात तोंड घालायचं नाही, हे सासूनंच तिला शिकवलं होतं.

मनकर्णाबाई फाटकाशी गेली. गुरुजी श्रावणात गेले, रुख्माबाईनं सांगितलं. ताप आला, चार दिवसांत आटोपलं. कार्डात ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर कुणीतरी सांत्वनाचं उत्तर दिलं असतं, आणि तिला तर नुसती खोली हवी होती. मधली.

मनकर्णाबाईला आपलं बोट आठवलं. विधवेच्या घरी आपण कुंकू लावून कार्ड धाडलं. रुख्माबाईलाही ते कळलं असावं, कारण तीच म्हणाली, "तुमचं कार्ड आलं म्हून आली, बाई. बाकी तं यंदा कुठूनच बोलावणं नाई आलं."

तेवढ्यात पुणेकरांची दोन मुलं मधल्या खोलीतून धावत बाहेर आली. त्यांच्या आईला वर्षालीकडून काही कळलं असावं. ती भली बाई होती, आम्ही दोन खोल्यांत भागवतो म्हणाली. पण तिच्या नवऱ्यानं लगेच विचारलं, मग तिसरीचे पैसे कंपनी परत करेल का? चंदन मध्ये पडला, तुम्ही तुमच्या जागी राहा, काही गडबड नाही, असं हसून म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता. रुख्माबाईला त्यानं वाकून नमस्कार केला, आतल्या घरात खाट टाकतो, आठ काय पंधरा दिवस राहा, म्हणाला. नानाजींनी तर आपलं अंथरूण गुंडाळून ओसरीवर नेऊनही ठेवलं.

रुख्माबाई जेवायला बसली. अर्धी भाकरी खाल्ली. आतल्या घरात राहायचं म्हणजे पाहुणी म्हणून राहायचं, आणि पाहुणीला दिवसभर कुणाशी तरी बोलावं लागतं. तिला कुणाशी बोलायचं नव्हतं. असं ती म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली की दुपारची गाडी आहे, भाच्यानं लवकर ये म्हटलं आहे. ते खोटं आहे हे चुलीपाशी बसलेल्या तिघींनाही कळत होतं. चंदननं ऑटो आणला. मनकर्णाबाईनं गोरसपाक बिस्किटांचा पुडा तिच्या पिशवीत घातला, तो रुख्माबाईनं काढला नाही. निघताना तिनं मधल्या खोलीकडं एकदा पाहिलं. दारात मुलांच्या चपला पडल्या होत्या.

पुणेकरांनी नंतर वेबसाइटवर चांगलं लिहिलं. जेवण घरगुती, खोल्या स्वच्छ, मालकीणबाई जरा अबोल. चंदननं ते कॅफेतून छापून आणून घरात वाचून दाखवलं.

पौषात मनकर्णाबाईनं वर्षालीला बसवून तुमसरला पत्र लिहून घेतलं. पुढल्या वर्षी मधली खोली तुमचीच, महिनाभर राहा. उत्तर आलं नाही. होळीच्या सुमाराला भंडाऱ्याचे जुने पाहुणे दवाखान्याच्या कामानं आले, त्यांच्याकडून कळलं की रुख्माबाईनं तुमसरचं घर सोडलं. भाच्यानं रायपूरला नेलं. तिथला पत्ता कुणाजवळ नव्हता. ते पाहुणेही वर्ध्याच्या लॉजवर उतरले होते. ते म्हणाले, तुमच्या मुलानं वेबसाइटवरून या सांगितलं, आता या वयात आम्ही ते कुठं शिकतो? मनकर्णाबाईनं त्यांना चहा दिला, जेवायचा आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

त्या वर्षी तिनं हिशेब केला तो माणसांचा. बैतूलचे आले नाहीत. यवतमाळच्या दोघी बहिणी आल्या नाहीत. चंदनवर डोळे काढावेत, तर त्याचं एकही बोलणं खोटं नव्हतं. नियम मोडला की घर बुडतं, आणि घर चालतं कशावर हे ती रोज खात होती. एक खोली जुन्या माणसांसाठी बाजूला ठेव, असं नानाजी म्हणाले. चंदन तयारही झाला. पण ती खोली सुटीच्या दिवशी रिकामी दिसली की तो दहादा तिकडं बघणार, आणि एखाद्या दिवशी हळूच 'फक्त आजच्या दिवस' म्हणणार. आणि आपण हो म्हणणार. पोराला ती ओळखून होती. त्याहून जास्त आता स्वतःला.

मे महिन्यात एका संध्याकाळी जेवताना चंदन सांगत होता की कंपनी तीन वर्षांचा करार करायला तयार आहे. वर्षाली वाढत होती. मनकर्णाबाईनं ताटातली चटणी बाजूला सारली.

"करार नोको करू," ती म्हणाली. "तिन्ही खोल्या नर्सिंगच्या पोरींले देल्या म्या. वर्षाच्या भाड्यानं. शेजारच्या बंडूजीची नलू काल घेऊन आल्ती त्याईले."

महिन्याचं येतं त्याच्या निम्मंही यातून येणार नाही, चंदन म्हणाला. तिनं मान हलवली. ते तिला माहीत होतं. म्हणून चंदननं शेतावर यावं, नाहीतर पुन्हा टपरी टाकावी, टपरीला लागेल ते ती आपल्या पाटल्यांतून देईल.

"आन् आपले जुने लोक?" नानाजींनी विचारलं.

"त्याईलेही नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "एक जूनले येऊन राह्यल्या पोरी. चंदन, कंपनीले उद्याच कळवून देजो."