खोब्रागडेभाऊंच्या शुगरच्या साईट

"बाबाले सांगू नका. गुपचूप त्या साईट बंद करून टाका," संघमित्रा फोनवर म्हणाली. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून मी एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होते. तिचा आवाज ऐकून स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

गडचिरोलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संघमित्रा कुरखेड्याला नर्स आहे. तिचे वडील खोब्रागडेभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्या पुकारणारे. त्यांचा आवाज ऐकत आम्ही कॉलेजला गेलो. ते निवृत्त झाल्यावर लेकीने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. तो बसवला मीच, माउस धरायला शिकवलं तेही मीच.

"कोणत्या साईट?" मी विचारलं.

"शुगर मुळापासून घालवा, गोळ्या फेका, अशा. बाबानं तिथून पावडर मागवली. आईनं शुगरच्या गोळ्या सोडल्या न पावडर खाऊन राह्यली. काल अंगणात चक्कर येऊन पडली. शेजारच्या बाईचा फोन आला म्हणून समजलं मले."

"लागलं का त्यांना?"

"कोपराले. पण शुगर लय वाढली आहे, प्रतिभाताई."

आमच्या धंद्यात माझा एक नियम आहे. ज्याचा कॉम्प्युटर, त्याला सांगितल्याशिवाय मी काही बंद करत नाही. मी तिला तसं सांगितलं. ती जरा चिडली, मग म्हणाली, "ठीक आहे. रविवारी मी येतो. माझ्यासमोर करा."

रविवारी गेले तेव्हा भाऊ कॉम्प्युटरसमोर पाठ ताठ करून बसले होते. शकुनबाई, त्यांच्या पत्नी, कोपराला पट्टी बांधून भाजी निवडत होत्या. संघमित्रा दाराशी उभी होती. घरात भांडण होऊन गेलेलं होतं हे चप्पल काढतानाच समजलं.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम. या प्रतिभाबाई. मी का लेकरू आहो? माझ्या घरचा कॉम्प्युटर, न पोरगी म्हणते कुलूप लावतो."

"बाबा, आई पडली," संघमित्रा म्हणाली.

भाऊ खुर्चीवरून उठले. "करा. तुमचंच राज्य आहे."

आधी मी पाहिलं की जाहिराती येतात कुठून. स्क्रीनच्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने एक चौकट उगवत होती. कारल्याचं चित्र, हसणारा म्हातारा, आणि खाली 'आजच मागवा'. भाऊंना वाटायचं कॉम्प्युटरच सांगतो आहे. खरं तर कधीतरी एका साईटने विचारलं होतं, 'तुम्हाला सूचना पाठवू का?' भाऊंनी सभ्यपणे 'अलाऊ' दाबलं होतं. मग दुसरीने विचारलं, तिलाही हो म्हटलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी सगळ्यांची परवानगी काढून घेतली. चौकटी थांबल्या.

मग होस्ट्स फाइल. ही प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत असते. साईटचं नाव टाइप केलं की कॉम्प्युटर बाहेर पत्ता विचारायच्या आधी या फाइलमध्ये बघतो. तिथे त्या नावापुढे आपण कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता लिहून ठेवला, तर तो बाहेर जातच नाही. साईट उघडत नाही. त्या पावडरवाल्या साईटची नावं मी तिथे तशी लिहिली.

भाऊ माझ्या मागे उभे राहून बघत होते. रागात होते, पण बघत होते.

"हे का करून राह्यल्या?"

"भाऊ, समजा सिरोंच्याची गाडी लागली. बोर्डावर सिरोंचा लिहिलं आहे, पण ड्रायव्हरला सांगून ठेवलं की सिरोंचा म्हणजे हाच स्टँड."

"म्हणजे गाडी निघाली न इथीच उभी."

"तेच."

"प्रवाशी शिव्या देईल," ते म्हणाले, आणि शकुनबाई पहिल्यांदा हसल्या.

पण अशा साईट रोज नव्या नावाने येतात. म्हणून मी ब्राउझरमध्ये शब्दांची गाळणीही बसवली. पानावर ठरावीक शब्द दिसला की पान अडवायचं. 'शुगर' आणि 'मधुमेह' हे दोन शब्द मराठीत आणि इंग्रजीत टाकले. संघमित्रा समाधानाने कुरखेड्याच्या गाडीत बसली.

तिसऱ्याच दिवशी भाऊ दुकानात आले. आल्या आल्या स्टूल ओढून बसले.

"तुमच्या मशीननं माझ्या पोरीलेच बंद केलं."

"म्हणजे?"

"तिनं एका पानाची लिंक पाठवली. आईनं काय खावं, काय नाई. उघडतच नाई. लाल पाटी येते, 'हे पान अडवले आहे' म्हणून. लिहिणारे चांगले डॉक्टर आहेत म्हणे."

गाळणीला डॉक्टर कोण आणि पावडरवाला कोण हे कळत नाही. तिला फक्त शब्द कळतो. मी तसं सांगितलं आणि म्हटलं, येऊन काढून देते. भाऊ मात्र उठले नाहीत. बाहेर रस्त्याकडे बघत बसले.

"प्रतिभाबाई, एक विचारतो. मी येडा आहो काय?"

"नाही हो भाऊ."

"मले माहीत होतं, त्यातले निम्मे चोर आहेत. आयुष्यभर स्टँडवर काढलं, चोर ओळखता येतो मले. पण डॉक्टर म्हणाले, आता शकुनले इन्सुलिनची सुई सुरू करा लागेल. माझ्या मोठ्या भावाले सुई सुरू झाली होती. मग त्याचा पाय कापला. मग तो गेला. शकुनले हे सांगू कसं? पोरीले विचारलं तर 'बाबा, गोळी द्या न, मी ड्युटीवर आहो' म्हणते न फोन ठेवते. डॉक्टरसमोर मोठी लाइन. हे साईटवाले नीट बसून सांगतात. शुगर म्हणजे काय, ती काऊन वाढते, सगळं. मंग मी वाचतो."

मी चहा मागवला.

मग दुकान शेजारणीवर सोपवून त्यांच्यासोबत घरी गेले. शब्दांची गाळणी काढली. होस्ट्समधली नावं तशीच ठेवली. मग भाऊंना विचारून संघमित्राला व्हिडिओ कॉल लावला. तिची ड्युटी संपली होती.

"तुमच्या बाबांना काही विचारायचं आहे. घाई करू नका," मी म्हटलं आणि बाजूला झाले.

भाऊंनी विचारलं, "सुई लावली म्हणजे पाय जाते काय?"

संघमित्राला तिचे मोठे बाबा, म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ, आठवले असावेत. मग ती खुर्ची ओढून बसली.

"नाई बाबा. मोठ्या बाबाचा पाय सुईनं नाई गेला. त्यांची शुगर लय वर्सं वाढलेली होती, न पायाची जखम त्यांनी लपवली. सुई उशिरा लागली. आधी लागली असती तर..." ती थांबली. "तुम्ही मले काऊन नाई सांगितलं, की भेव वाटून राह्यलं म्हणून?"

"तू कामात असते."

"मंग मी कामातून निघाल्यावर विचारा."

शकुनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कॅमेऱ्यात चेहरा घालून त्या लेकीला म्हणाल्या, "मले तर कोणी विचारतच नाई. मी सुई घेतो. ते पावडर कडू जहर लागते. ह्यायच्या तोंडाकडे पाहून खात होती मी."

भाऊ उठून पाणी प्यायला आत गेले, आणि बराच वेळ आलेच नाहीत.

सुई सुरू झाली. शकुनबाई ती आता स्वतःच टोचून घेतात, भाऊ तेवढा वेळ तोंड फिरवून उभे राहतात. शुगर हळूहळू उतरते आहे. संघमित्रा ड्युटी संपली की कॉल करते. पहिले प्रश्न आजाराचे असतात, नंतर तिघांच्या गप्पा कुठे जातात देव जाणे. परवा मी कीबोर्ड बदलायला गेले तेव्हा भाऊ तिला धानाच्या बांधावरचे खेकडे कसे पकडायचे ते समजावत होते. ती एवढ्या ड्युटीनंतरही ऐकत होती.

साईट बंद करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं अजूनही येतात. कुणाची मुलं गेम खेळतात, कुणाचा नवरा पत्त्यांच्या साईटवर बसतो. मी बंद करून देते, ते माझं काम आहे. फक्त सेटिंगला हात लावण्याआधी आता एक जास्तीचा प्रश्न विचारते, की हा माणूस तिथे शोधतो काय? बहुतेकांना माहीत नसतं. मी म्हणते, तेवढं विचारून या, तोवर मी कॉम्प्युटर साफ करून ठेवते. काही जण विचारून येतात आणि साईट बंद न करताच कॉम्प्युटर घेऊन जातात. धंद्याच्या दृष्टीने हे वाईट आहे.